लिनक्स बोर्डाला वायफाय डोंगल घ्यायचाय? आधी आतली चिप विचारा

रास्पबेरी पाय २, पहिला पाय झिरो, ऑरेंज पायचे स्वस्तातले काही बोर्ड, लिनक्सवर चालणारे हे एका पाटीवरचे छोटे कॉम्प्युटर, यांच्यात वायफाय मुळात नसतंच. रास्पबेरी पायमध्ये ते पहिल्यांदा आलं २०१६ च्या पाय ३ मध्ये, त्यामुळे त्याआधीचा एखादा बोर्ड कपाटात धूळ खात पडला असेल आणि आता तो जाहिराती अडवायला किंवा जुना प्रिंटर घरभर शेअर करायला कामाला लावायचं मनात असेल, तर एक तर लॅनची वायर ओढा नाहीतर यूएसबी डोंगल घ्या. आणि डोंगल म्हटलं की लोक काय करतात, ऑनलाइन जातात, साडेचार स्टार बघतात, मागवतात, आणि बोर्डाला लावल्यावर डोंगलचा दिवासुद्धा लागत नाही. ते साडेचार स्टार विंडोजवाल्यांनी दिलेले असतात हो.

मुद्दा एवढाच आहे की लिनक्सला डब्यावरची कंपनी कळत नाही, त्याला आतली चिप कळते. डोंगल विकणाऱ्या कंपन्या ढीगभर आहेत पण आतल्या चिपा बनवणारे मोजकेच, रियलटेक, मीडियाटेक, आणि जुन्यात रालिंक आणि अथेरॉस. (रालिंक २०११ मध्ये मीडियाटेकने घेतली आणि त्याच वर्षी अथेरॉस क्वालकॉमने, म्हणून जुन्या लेखांत एकाच घराण्याच्या चिपा दोन-दोन नावांनी दिसतात.) त्या चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्राम) तुमच्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासून असेल तर डोंगल लावला की चालू, इन्स्टॉल वगैरे काही नाही. नसेल तर मग गिटहबवरून सोर्स आणा, कंपाइल करा, कर्नल अपडेट झाला की परत करा, हा भोग.

टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन चं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. याच्या व्हर्जन १ मध्ये अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, लिनक्सवर अगदी गुणी, म्हणून सगळ्या व्हिडिओंमध्ये आणि जुन्या लेखांमध्ये याच मॉडेलचं नाव. मग कंपनीने व्हर्जन २ पासून आत रियलटेकची आरटीएल८१८८ईयूएस टाकली, मॉडेलचं नाव तेच, अँटेना तीच, दिसायला तसाच. आज दुकानात जो नवा मिळतो तो व्हर्जन १ नसतो आणि शिफारस मात्र अजून त्या जुन्याचीच फिरते. तेव्हा "अमुक मॉडेल लिनक्सवर चालतं" हे वाक्य अर्धवट आहे, कुठलं व्हर्जन हे विचारल्याशिवाय पैसे काढू नका. व्हर्जन डोंगलच्या किंवा डब्याच्या स्टिकरवर बारीक अक्षरात असतं.

आधी आपला बोर्ड तपासा

खरेदीच्या आधी बोर्डावर दोन गोष्टी बघून घ्या. (कमांड्स मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी छोटी अक्षरं.) पहिली, यूनेम -आर. याने कर्नलचा नंबर कळतो, ६.१ किंवा ६.१२ असं काहीतरी येईल, तो कागदावर लिहून ठेवा कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

दुसरी कमांड फारशी कोणी सांगत नाही पण मला सगळ्यात कामाची तीच वाटते. मॉडइन्फो आणि पुढे ड्रायव्हरचं नाव. समजा तुम्ही एमटी७६१२यू चिपचा डोंगल घ्यायचा म्हणताय, तिचा ड्रायव्हर एमटी७६एक्स२यू, तर मॉडइन्फो एमटी७६एक्स२यू टाका. फाइलचा पत्ता, लायसन्स, आणि खाली एलियस म्हणून ओळी आल्या म्हणजे ड्रायव्हर तुमच्या बोर्डावर आत्ता, या क्षणी हजर आहे, डोंगल हातात नसताना सुद्धा कळलं. "मॉड्यूल नॉट फाउंड" आलं तर नाहीये. हे विशेष करून ऑरेंज पाय, बनाना पाय वगैरेवाल्यांनी कराच, कारण त्या बोर्डांसोबत चिप कंपनीचा स्वतःचा जुना कर्नल येतो आणि त्यात बरेच वायफाय ड्रायव्हर बनवताना वगळलेले असतात, नंबर ५.१० किंवा ६.१ दिसतो म्हणून असेलच असं धरून चालू नका. आर्मबियन (अशा बोर्डांसाठीचं लिनक्स) टाकलंत तर मेनलाइन, म्हणजे मूळ अधिकृत कर्नलवाली इमेज घेता येते, तिथे परिस्थिती बरीच बरी असते.

कुठली चिप घ्यावी

नुसतं सेन्सरचा डेटा पाठवणं, जाहिराती अडवणं, एसएसएच करणं (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बोर्डात शिरून कमांड देणं) एवढंच काम असेल तर २.४ गिगाहर्ट्झची साधी १५० एमबीपीएसवाली चिप पुरे. यात माझी पहिली पसंती रालिंकची आरटी५३७०. जुनी आहे, हळू आहे, पण आरटी२८००यूएसबी हा तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये इतकी वर्षं आहे की कुठल्याही लिनक्सवर लावा, उठून उभी राहते. आणि आपल्याकडे ती मिळते कुठे माहितीये का, फ्री डिशच्या सेट टॉप बॉक्सला लावायचे ते छोट्या अँटेनावाले काळे डोंगल असतात ना, त्यातल्या बऱ्याच डोंगलांमध्ये आरटी५३७० नाहीतर एमटी७६०१यू निघते. वायफाय राउटरच्या काउंटरवर न विचारता सेट टॉप बॉक्सवाल्याकडे विचारा, स्वस्तात काम होतं.

एमटी७६०१यू पण चालते, ड्रायव्हर २०१५ च्या कर्नल ४.२ पासून आत आहे, फक्त एक गोम आहे, कर्नलमधल्या ड्रायव्हरला हॉटस्पॉट करता येत नाही. म्हणजे बोर्ड दुसऱ्या वायफायला जोडायचा असेल तर ठीक, पण बोर्डालाच राउटर करायचं असेल तर ही चिप नको, आरटी५३७० घ्या किंवा एआर९२७१. दोन्ही चिपा एकाच दुकानात, एकसारख्या प्लास्टिकमध्ये, एकाच किमतीला पडलेल्या असतात, त्यामुळे उघड्या डोळ्यांनी फरक कळणार नाही, ओळख कशी पटवायची ते खाली सांगतो.

५ गिगाहर्ट्झ पाहिजे असेल, म्हणजे सोसायटीत प्रत्येक घरात राउटर आणि २.४ वर नुसती गर्दी, तर मीडियाटेकची एमटी७६१०यू किंवा एमटी७६१२यू. दोन्हींचे ड्रायव्हर २०१८ च्या सुमारास कर्नलमध्ये आले, त्यामुळे आजच्या कुठल्याही डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार, रास्पबेरी पाय ओएस त्यावरच बेतलेली) असायला हरकत नाही. अल्फाचं एडब्ल्यूयूएस०३६एसीएम हे ७६१२ वालं आणि एडब्ल्यूयूएस०३६एसीएचएम हे ७६१० वालं, नावात फक्त एका एचचा फरक, आणि त्यातला एम काढून एडब्ल्यूयूएस०३६एसीएच झालं की आत चक्क रियलटेक. ऑर्डर करताना चष्मा लावा. महाग आहेत हे खरं, पण डोकेदुखी नाही.

वायफाय ६ हवंच असेल तर एमटी७९२१एयू, ड्रायव्हर २०२२ च्या कर्नल ५.१८ पासून. पण कशावर लावताय ते बघा. पाय २ आणि पाय ३ वर यूएसबी २.० आहे, कागदावर ४८० एमबीपीएस, आणि त्यातच चारही पोर्ट आणि लॅनसुद्धा भागीदार, तिथे १८०० लिहिलेला डोंगल लावून उपयोग काय. पाय ४, पाय ५ च्या निळ्या पोर्टला लावणार असाल तर गोष्ट वेगळी.

आता रियलटेक. सगळ्यात जास्त डोंगल याच चिपांचे मिळतात, त्यामुळे "घेऊच नका" म्हणून भागत नाही. बरीच वर्षं यांचे ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर होते, कोणीतरी भल्या माणसाने गिटहबवर सांभाळलेले. आता चित्र बदललंय पण कर्नलच्या नंबराप्रमाणे. आरटीएल८८१२बीयू (टीपी-लिंक आर्चर टी३यू मध्ये ही असते) आणि ८८२१सीयू या २०२३ च्या कर्नल ६.२ पासून आत आहेत, म्हणजे डेबियन १२ च्या मूळ ६.१ मध्ये नाहीत आणि डेबियन १३ च्या ६.१२ मध्ये आहेत, नशीब कसं एका नंबराने हुकतं बघा. आरटीएल८८१२एयू आणि ८८११एयू (यातली दुसरी आर्चर टी२यू प्लस आणि नॅनोमध्ये असते), या कर्नल ६.१३ पासून आत आल्या, म्हणजे डेबियन १३ च्या मूळ कर्नललाही त्या ओळखीच्या नाहीत. आणि ती वर सांगितलेली ८१८८ईयूएस, तिचा जुना अर्धाकच्चा ड्रायव्हर काढून टाकून ६.३ पासून आरटीएल८एक्सएक्सएक्सयू या ड्रायव्हरकडे दिलीये, घरात पडलीच असेल तर वापरून बघा, मुद्दाम विकत घेऊ नका.

एक चिप मात्र सरळ टाळा, एआयसी८८००. अगदी नखाएवढे डोंगल, वर "वायफाय ६" आणि "ड्रायव्हर फ्री" असं लिहिलेलं आणि किंमत बघून वाटतं दोन घेऊन ठेवावेत. ते ड्रायव्हर फ्री म्हणजे काय तर डोंगल लावला की आधी तो सीडीचं सोंग घेतो, विंडोज त्या सीडीवरून ड्रायव्हर चढवतं, मग तो वायफाय होतो. लिनक्सवर तो सीडीच होऊन बसतो, यूएसबी मोडस्विच नावाचं पॅकेज टाकून सोंग उतरवलं तरी पुढे कर्नलच्या दारात ड्रायव्हर नाही, कंपनीचा सोर्स शोधून कंपाइल करत बसा. सीडीचं सोंग काही रियलटेकवालेही घेतात, पण त्यांचा ड्रायव्हर निदान पुढे सापडतो.

चिप ओळखायची कशी

ऑनलाइन पानावर चिपचं नाव क्वचितच असतं. रिव्ह्यूच्या सर्चमध्ये "लिनक्स", "उबुंटू", "रास्पबेरी", "काली" हे शब्द इंग्रजीत टाकून बघा, कोणीतरी चिपचा नंबर टाकलेला असतो, फक्त रिव्ह्यू किती जुना आहे ते बघा, व्हर्जन बदललेलं असू शकतं. दुसरं, कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या विंडोज ड्रायव्हरची झिप उतरवा आणि उघडा, आत डॉट आयएनएफ शेवट असलेली फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडली की चिपचं नाव किंवा यूएसबीचा नंबर दिसतोच. विकणाऱ्याने "सपोर्ट्स लिनक्स" लिहिलंय याला काडीचाही अर्थ नाही, त्यांचं लिनक्स म्हणजे बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या कर्नलसाठीचा सोर्स, तो सुद्धा सीडीवर.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत प्रत्यक्ष जाऊन घेणार असाल तर उत्तम, कारण तिथे लावून बघता येतं. दुकानदाराच्या विंडोज मशीनला डोंगल लावा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथे यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा, व्हीआयडी आणि पीआयडी अशी चार-चार अक्षरी दोन टोकनं दिसतील. १४८एफ आणि ५३७० म्हणजे आरटी५३७०. १४८एफ आणि ७६०१ म्हणजे एमटी७६०१. ०सीएफ३ आणि ९२७१ म्हणजे अथेरॉसची ती गुणी चिप. ०ई८डी आणि ७६१२ म्हणजे मीडियाटेक ७६१२. पहिलं टोकन ०बीडीए आलं की रियलटेक, आणि त्यापुढे १ए२बी असेल तर सीडीचं सोंग चालू आहे, खरी चिप अजून दिसलेलीच नाही. टीपी-लिंकवाले पुष्कळदा स्वतःचा २३५७ हा नंबर लावतात, मग दुसरं टोकन नेटवर शोधावं लागतं. दुकानदार मशीनला हात लावू देत नसेल तर ओटीजी केबल खिशात ठेवा, अँड्रॉइड फोनला डोंगल लावून यूएसबीची माहिती दाखवणारं एखादं फुकट अॅप उघडलं की हेच आकडे फोनवर येतात. दोन मिनिटं लागतात, "अहो चालतो सगळ्याला" हे ऐकून घ्या आणि तरी तपासा.

पॉवरचं बघा

निम्म्या "डोंगल खराब निघाला" तक्रारी खरं तर पॉवरच्या असतात. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाने ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० चा ९००. पाय २ वर तर मूळ सेटिंगला चारही पोर्ट मिळून ६०० च, ते कॉन्फिग फाइलमध्ये मॅक्स यूएसबी करंट १ केल्यावर १.२ अँपिअर होतं, पण तेवढं द्यायला मागे अॅडाप्टर पण दमाचा पाहिजे. मोबाइलचा जुना चार्जर आणि लांबलचक बारीक केबल लावली की वायफाय जोडलं जातं, पाच मिनिटं नीट चालतं आणि जोरात डेटा ओढायला लागलं की डोंगल गायब. पायवर व्हीसीजेनकमांड गेट_थ्रॉटल्ड टाकून बघा, उत्तर ०एक्स० आलं तर पॉवर ठीक, ०एक्स५०००५ सारखं काही आलं तर आधी चार्जर बदला, मग डोंगलला नावं ठेवा. मोठ्या अँटेनाच्या ड्युअल बँडवाल्या डोंगलांना पॉवर असलेला हब लावणं बरं.

पाय ४ वाल्यांसाठी एक वेगळंच. यूएसबी ३ चा पोर्ट चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढलेला. शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क आणि बाजूला २.४ चा चिमुकला डोंगल असेल तर स्पीड मरतो, डोंगल काळ्या पोर्टला लावा किंवा हातभर एक्स्टेन्शन केबल टाकून लांब न्या. पाय झिरोला तर मायक्रो यूएसबी ओटीजी कन्व्हर्टर लागेल, तो डोंगलसोबतच मागवा.

लावल्यावर

आता गंमत अशी की फर्मवेअर (चिपमध्ये चढवायची छोटी फाइल) किंवा पॅकेज उतरवायला नेट लागतं आणि नेटसाठीच तर डोंगल लावतोय. पाय झिरोला लॅनही नाही. तर अँड्रॉइड फोन केबलने बोर्डाला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्सला तो फोन लॅन कार्डासारखा दिसतो, नेट चालू.

मग डोंगल लावा आणि एलएसयूएसबी टाका, यादीत ते टोकन दिसलं पाहिजे. मग एलएसयूएसबी -टी, यात प्रत्येक यूएसबी वस्तूपुढे ड्रायव्हर बरोबर अमुक असं येतं, तुमच्या डोंगलपुढे ती जागा रिकामी असेल तर कर्नलने त्याला ओळखलं नाही. नाव असेल आणि तरी वायफाय नसेल तर डीएमईएसजी ही कमांड टाकून कर्नलच्या नोंदींच्या शेवटच्या पंधरा-वीस ओळी वाचा. "डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२" दिसलं तर आनंद माना, ड्रायव्हर आहे, फक्त फर्मवेअरची फाइल डिस्कवर नाही. रियलटेकसाठी डेबियनमध्ये फर्मवेअर-रियलटेक हे पॅकेज, रालिंक आणि मीडियाटेकचं डेबियन १२ पर्यंत फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्रीमध्ये मिळतं. एमटी७६१२ वाल्यांना एररमध्ये ७६६२ नावाची फाइल दिसेल, ती बरोबरच आहे, त्या चिपला तेच फर्मवेअर लागतं.

सगळं ठीक असूनही नेटवर्कच दिसत नसतील तर आरएफकिल लिस्ट टाका. रास्पबेरी पाय ओएस वर देश निवडेपर्यंत वायफाय मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, रास्पी-कॉन्फिगमध्ये लोकलायझेशनमध्ये जाऊन इंडिया निवडा. देश नसेल तर ५ गिगाहर्ट्झचे काही चॅनल पण दिसत नाहीत, आपल्याकडे २०१८ पासून त्या बँडमधले बहुतेक चॅनल खुले आहेत, पण बोर्डाला तुम्ही इंडियात आहात हे कोणीतरी सांगायला हवं ना. आणि हो, डेबियन किंवा आर्मबियनवर डोंगलचं नाव डब्ल्यूलॅन० न येता डब्ल्यूएलएक्स आणि पुढे बारा अक्षरं असं येतं, तो डोंगलचा मॅक अॅड्रेस असतो, जुन्या ट्युटोरियलमधलं डब्ल्यूलॅन० तसंच कॉपी केलं की काहीच चालत नाही.

बाहेरचा ड्रायव्हर कंपाइल करायचीच वेळ आली तर डीकेएमएसवालं रेपो निवडा, म्हणजे कर्नल अपडेट झाला की ड्रायव्हर आपोआप परत बनतो. कर्नलचे हेडर आधी टाकावे लागतात. मेकफाइलमध्ये वरती आय३८६_पीसी समोर वाय असतं, ते एन करून ६४ बिटच्या सिस्टीमवर एआरएम६४_आरपीआय आणि ३२ बिटच्या सिस्टीमवर एआरएम_आरपीआय समोर वाय करा, हे न करता लोक तासभर एरर वाचत बसतात. ३२ बिटची पाय ओएस पाय ४ वर कर्नल मात्र ६४ बिटचा उचलते आणि मग मॉड्यूल बनतच नाही, कॉन्फिग फाइलमध्ये एआरएम_६४बिट बरोबर ० टाका आणि रीबूट करा. आणि पाय २ किंवा पहिल्या झिरोवर कंपाइल लावलंत तर मध्ये जेवून या, खरंच तेवढा वेळ लागतो.

हॉटस्पॉट करायचा असेल तर आयडब्ल्यू लिस्ट टाकून "सपोर्टेड इंटरफेस मोड्स" खाली एपी (अॅक्सेस पॉइंट, म्हणजे हॉटस्पॉट) आहे का बघा, नसेल तर कुठलीही सेटिंग करून ते येणार नाही.

शेवटचं, एसएसएच करताना टाइप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटतंय, थोडा वेळ हात नाही लावला की बोर्ड पिंगला उत्तर देत नाही, असं होत असेल तर ते पॉवर सेव्ह आहे. आयडब्ल्यू डेव्ह, डोंगलचं नाव, सेट पॉवर_सेव्ह ऑफ. लगेच फरक पडतो पण रीबूटनंतर परत चालू होतं, म्हणून नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्ये त्या कनेक्शनला वायफाय पॉवरसेव्ह २ लिहून टाका, इथे २ म्हणजे बंद, ० नाही. कायमचं मिटतं.